डाव्या दाराचं हँडल

ठराव क्रमांक सात ऐकून श्यामसुंदर मठकरांना जो संताप आला होता, तो चार दिवसांनी, रविवारी सकाळी, आरे कॉलनीच्या रस्त्याने गाडी चालवतानाही तसाच ताजा होता. उलट वळणावळणाला तो थोडा वाढत होता.

सोसायटीच्या सभेतला ठराव असा: 'हनुमान जयंतीच्या कीर्तनासाठी ह. भ. प. अनंतबुवा आरोलकर यांना दहिसरहून आणण्याकरिता श्री. मठकर यांच्या खाजगी वाहनाचं पुढचं डावं दार आतून उघडतं याची खात्री रविवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत न झाल्यास ॲपवरून टॅक्सी मागवण्यात यावी. सूचक, सुबोध करमरकर, सेक्रेटरी. अनुमोदक, धाकू परब.'

सुबोध करमरकरबद्दल मठकरांना काही म्हणायचं नव्हतं. जो माणूस देवळातल्या घंटेच्या दोरीसाठी तीन कोटेशनं मागवतो, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा करता येत नाही. पण अनुमोदक धाकू परब? तळमजल्यावरचे, तीस वर्षांचे शेजारी? आधी गिरणीत फिटर, मग गॅरेजात, आता कोणाच्याही घरात काहीही बिघडलं की सल्ला द्यायला हजर. तेच धाकू परब आत्ता मागच्या सीटवर आरामात बसून थर्मासातला चहा पीत होते.

"तुम्ही अनुमोदन दिलंतच कसं, धाकूभाऊ?" मठकरांनी सहाव्यांदा विचारलं.

"मी अनुमोदन दिलंय म्हणान तर तू आज घराभायर पडलंस," धाकू म्हणाले. "नायतर आणखी धा वर्सां त्या दारार हात फिरवीत बसलो असतंस. बघ, म्होरं गाय हा."

गाय खरोखरच होती. मठकरांनी ब्रेक मारला. गाय रस्त्याच्या मधोमध उभी राहून गाडीकडे पाहत राहिली, आणि मठकरांना वाटलं, ही पण दाराकडेच पाहते आहे.

दाराची हकिकत अशी की मागच्या वर्षी बुवा गाडीतून देवळापाशी आले, तेव्हा आतलं हँडल त्यांच्या हातात निघून आलं. बाहेरचं हँडल आधीपासूनच शोभेचं होतं. शंभर बायका ओवाळायला तबकं घेऊन उभ्या, पेटीवाला तोच सूर धरून बसलेला, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बुवा, डोक्याला पगडी, गळ्यात उपरणं, पुढच्या सीटवरून सरपटत, ड्रायव्हरच्या बाजूने, आधी पाय आणि मग बुवा, असे प्रकट झाले. धोतर गियरच्या दांड्यात अडकलं. ते सोडवायला करमरकरने कात्री मागितली. मठकर ते आयुष्यात विसरणार नव्हते. बुवा मात्र वर आले, बुक्का लावून घेतला, आणि गर्भवासाच्या यातनांवरच निरूपण केलं. लोक म्हणाले, असं रंगलेलं कीर्तन आजवर झालं नाही.

तर तुटलं ते हँडल. त्याचे दोन तुकडे झाले होते. गाडी अडुसष्ट सालची. घरात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. वसुधाबाई नुसतं 'ती' म्हणत. "ती कुठे उभी केलीत?" "तिला पुसलंत, आता जरा पंखा पुसा." तिचं हँडल बाजारात मिळेना. मिळत ते दुसऱ्या सालचं, बसत नसे. आणि बुवांना आणण्याचा मान मठकरांकडे एकवीस वर्षं होता. एकवीस वर्षं चैत्री पौर्णिमेला बुवा शेजारी बसत, आणि घोडबंदरच्या रस्त्याने मुलुंडपर्यंत त्या दिवशीच्या आख्यानाची तालीम करत. म्हणजे मुलुंडकरांना जे कीर्तन संध्याकाळी मिळे, ते मठकरांना तासभर आधी, एकट्याला, पहिल्या वाफेचं मिळे. हा मान कुठल्यातरी अनोळखी टॅक्सीवाल्याला? जो कानात बोंडं घालून फोनवर बोलत गाडी चालवणार?

म्हणून हा मेळावा. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा अदलाबदल मेळावा, आरे कॉलनीतल्या एका मैदानावर, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेचार. नियम एकच, फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला: पैसे चालणार नाहीत. वस्तूला वस्तू. आणि खाली लाल अक्षरांत: दिल्याशिवाय घेणाऱ्याला पुढच्या वर्षी प्रवेश नाही.

फाटकापाशी टेबल टाकून गंधाली नावाची एक मुलगी बसली होती. मेळावा तिचाच. वय पंचविशी-सव्विशीचं, पण गळ्यात शिट्टी, हातात रबरी शिक्का आणि समोर एवढं जाड रजिस्टर, त्यामुळे मठकरांना नोकरीतले सगळे वरिष्ठ एकदम आठवले.

"काका, काय आणलंय बदल्यात?"

मठकरांनी पिशवीतून जुन्या साडीत गुंडाळलेली वस्तू काढली. मागचा लाल दिवा. मूळचा, जुना, चौतीस वर्षं माळ्यावर जपलेला. वसुधाबाईंनी तीनदा भंगारात घातलेला आणि मठकरांनी तीनदा परत आणलेला.

गंधालीने तो उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाली, "काका, हा रिक्षाचा आहे."

"काय?"

"ऑटोरिक्षाचा. हे बघा ना, इथे छापलंय."

चौतीस वर्षं! मठकरांनी आधाराला म्हणून धाकूंकडे पाहिलं.

"माका म्हायत होता," धाकू म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू इचारलंस खय?"

गंधालीने तरीही नोंद केली, कारण ती नियमाने चालणारी होती. वस्तू: दिवा. गाडी: रिक्षा. अवस्था, म्हणजे चालू, बंद की दुरुस्त होण्याजोगी, यातलं तिने 'बंद' निवडलं. मठकरांनी 'दुरुस्त होण्याजोगी'साठी वाद घातला. मागे रांग वाढली. शेवटी त्यांना छत्तीस नंबरची जागा मिळाली, एका आंब्याखाली, चुन्याने आखलेला चौकोन. गाडी चौकोनाच्या आत, वस्तू गाडीपुढे चादरीवर. चादरीवर एकटा रिक्षाचा दिवा.

आता मेळाव्याचं वर्णन करावं तर माणसं सगळी मठकरांसारखीच. टक्कल, टोप्या, खिशात पाना, आणि बोलता बोलता समोरच्याच्या गाडीखाली वाकून पाहायची सवय. अडीच तास मठकर फिरले. आणि सतराव्या चौकोनात, मखमलीच्या तुकड्यावर, त्यांना ते दिसलं. डाव्या दाराचं आतलं हँडल. अडुसष्ट सालचं. क्रोम जरा उतरलेला, पण बाक तोच, खाच तीच. मठकरांनी नकळत हात जोडले.

हँडलचा मालक देवव्रत नावाचा तरुण होता. खादीचा कुर्ता, गंभीर चेहरा, बँकेत काम करतो म्हणाला, आणि जुन्या गाड्यांबद्दल असं बोलायचा की जणू त्या आजारी आहेत आणि पलीकडच्या खोलीत झोपल्या आहेत.

"मिळेल काका," तो हळू आवाजात म्हणाला. "मला फक्त हॉर्नचं गोल कडं हवंय. स्टिअरिंगवर असतं ना, ते क्रोमचं. तीन वर्षं शोधतोय. ते आणा, हँडल तुमचं."

"माझ्याकडे दिवा आहे."

"छत्तीस नंबर?" देवव्रतने नजर खाली घातली. "ऐकलं मी."

म्हणजे गावभर झालं होतं. मठकर ताठ मानेने परतले, तर धाकू गाडीची डिकी उघडून उभे.

डिकीत काय होतं ते आता सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. त्याच दिवशी सूर्योदयाला देवळात मारुतीचा जन्म झाला, नैवेद्य झाला, सुंठवडा वाटला गेला. नैवेद्याचे एकशे एक्कावन्न बेसनाचे लाडू संध्याकाळच्या कीर्तनानंतर वाटायचे होते. देवळातल्या कपाटात मुंग्या झालेल्या, इमारतीची लिफ्ट बंद, आणि मठकर चौथ्या मजल्यावर. वसुधाबाई म्हणाल्या, एवढा जड डबा कशाला चढवायचा नि उतरवायचा? राहू दे तिच्याच पोटात. संध्याकाळी बुवांबरोबर येईल.

"श्यामा," धाकूंनी उजवा हात पुढे केला, हाताखाली डावा धरला. "मारुतीचो प्रसाद दी बघू. भूक लागली हा."

"हा भुकेसाठी नाही, धाकूभाऊ. संध्याकाळचा आहे."

"प्रसादाक नाय म्हणतंस?"

इथे मठकर सापडले. प्रसादाला हात पुढे आला की नाही म्हणायचं नाही. हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं; ते त्यांच्या हाडातच होतं. त्यांनी चप्पल काढली, डबा उघडला, एक लाडू धाकूंच्या हातावर ठेवला. साजूक तुपाचा वास आंब्याखालून निघाला आणि पस्तीस नंबरच्या चौकोनात शिरला.

पस्तीस नंबरवर घाटकोपरचा निहार होता, स्कूटरवाला, दंडावर इंजिन गोंदवून घेतलेलं. "काका, प्रसाद? कुठला?" म्हणत त्यानेही हात पुढे केला. दिला. निहारने लाडू कपाळाला लावला, खाल्ला, डोळे मिटले, "कडक!" म्हणाला आणि एक वायपर आणून मठकरांच्या चादरीवर ठेवला.

"हे काय?"

"तुमचा वायपर."

"माझा कशाने? मी प्रसाद दिला!"

"हां मग. घेतलं ना मी? दिल्याशिवाय घ्यायचं नाही, रूल आहे. ती गंधाली लय डेंजर आहे, काका. मागच्या वर्षी एकाने नुसता स्क्रू घेतला, आज बघा, गेटच्या बाहेर उभा आहे."

"अहो, प्रसादाला मोल नसतं! मी काय दुकान मांडलंय?"

"मोल कुठे, वायपर आहे."

मठकरांनी वायपर परत त्याच्या चौकोनात ठेवला. निहारने तो पुन्हा इकडे. मठकरांनी पुन्हा तिकडे. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि गंधाली रजिस्टर घेऊन आली. तिने शांतपणे दोघांचं ऐकून घेतलं. मग लिहू लागली.

"वस्तू?"

"प्रसाद," मठकर कडाडले. "तो वस्तू नव्हे!"

"वस्तू: लाडू," ती लिहिताना पुटपुटली. "साल, चालू. अवस्था..." तिने मठकरांकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग हात पुढे केला. "मला बघावं लागेल ना, काका. प्रसाद द्या."

दिला. काय करणार? तिने खाल्ला, 'अवस्था: उत्तम' लिहिलं, शिक्का मारला, आणि स्वतःचीही नोंद करून एक किल्ल्यांची कडी चादरीवर ठेवली. संयोजक म्हणून तिला तर नियम जास्तच पाळायला हवा.

मग काय विचारता! मुलुंडच्या मारुतीच्या प्रसादाची बातमी मैदानभर गेली. माणसं येत, चपला काढत, उजवा हात पुढे करत. त्यात बनावट भक्त असते तर मठकरांनी डबा बंद केला असता. पण नाही हो. एकेक जण मनापासून 'जय बजरंगबली' म्हणे, लाडवाचा कणही खाली सांडू देत नसे, आणि मग जाऊन काहीतरी आणून ठेवी. काचा वर करायची मूठ. दोन आरसे. मडगार्ड. एका सरदारजींनी लाडू पगडीला लावला आणि अख्खा कार्बोरेटर दिला. मठकर प्रत्येकाला सांगत, "अहो नको, प्रसाद आहे, नको!" आणि प्रत्येक जण म्हणे, "असू द्या, काका, नियम आहे." दुपारी एकपर्यंत त्या चादरीवर इतकं सामान झालं की लांबून आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना विचारलं, "शेठ, दुकान कुठे आहे तुमचं?"

शेठ! रेल्वे रिझर्व्हेशनच्या खिडकीमागे पस्तीस वर्षं काढून ज्याने कोणाचा चहासुद्धा घेतला नाही, त्याला शेठ!

"मी सांगतंय ता आयक," धाकू मडगार्डावर बसून म्हणाले. "मारुतीन दिल्यान, घी. आता ह्यातला कायतरी देवन हँडल आण."

"धाकूभाऊ, हे प्रसादाच्या बदल्यात आलेलं आहे. ते देऊन मी हँडल घेतलं, तर मी प्रसाद विकला असा त्याचा अर्थ होतो."

"तू लाडू दिलंस. तेंनी सामान दिल्यानी. मधी इकूचा खय इला?"

"तेच तर विकणं!"

"मगे माका दिलंस तेचा काय? मी तर कायच देवक नाय."

"तुम्ही अनुमोदन दिलंत," मठकर म्हणाले, आणि पाठ फिरवून डब्यापाशी गेले.

दोनच्या सुमाराला पिवळी टोपी घातलेला एक माणूस आला. खारदांड्याचा. घाईत होता, त्याला परत जायचं होतं. त्याने दोन लाडू मागितले, एक आपल्याला, एक आईला. आईचे गुडघे गेलेत, दोन वर्षं देवळाची पायरी चढली नाही, असं म्हणाला आणि दुसरा लाडू रुमालात इतका जपून बांधला की मठकरांना गलबलून आलं. त्यांनी त्याला आणखी एक दिला. तो जाताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चादरीवर ठेवून गेला. मठकरांनी ते सहज उघडलं.

हॉर्नचं गोल कडं. क्रोमचं. उन्हात असं चमकलं की सतराव्या चौकोनातून देवव्रत उठून उभा राहिला.

तो चालत आला नाही, तरंगत आला. कड्याला हात लावला नाही, नुसता पाहत राहिला. मग त्याने खिशातून मखमलीसकट हँडल काढलं आणि तळहातावर धरलं.

"काका," तो म्हणाला, "घ्या."

आता पाहा. समोर हँडल. दोन पावलांवर दार. पाचला करमरकर व्हिडिओ कॉल करणार, दार उघडून दाखवलं की टॅक्सी रद्द, बुवा शेजारी, घोडबंदरचा रस्ता, आणि आख्यान. फक्त हात पुढे करायचा. आणि मठकरांच्या डोळ्यांसमोर मात्र तो रुमाल. त्या माऊलीच्या हातावर पडणाऱ्या लाडवाच्या बदल्यात मी गाडीचं हँडल घेतलं? मग संध्याकाळी बुवांच्या समोर कुठल्या तोंडाने बसू?

"नाही," मठकर म्हणाले.

"नाही?" देवव्रत.

"नाय?" धाकू, मडगार्डावरून उठत.

"हे कडं माझं नाही. ज्याचं आहे त्याला परत करायचंय. तुमचं तुम्ही ठेवा." आणि एवढं बोलता बोलता त्यांना इतका राग आला की तो आवरेना. नियमांचा, दिव्याचा, करमरकरचा, शेठ म्हणणाऱ्याचा, सगळ्यांचा. "सकाळपासून मी सांगतोय, हा प्रसाद आहे! कोणी म्हणून ऐकायला तयार नाही! माणसाला एक गोष्ट फुकट घेता येत नाही? इतके कसे कंगाल झालो आपण?"

देवव्रतने हँडल खिशात ठेवलं, चपला काढल्या, आणि रिकामा उजवा हात पुढे केला.

"मग मला नुसता प्रसाद द्या," तो म्हणाला.

मठकरांनी दिला. देवव्रतने खाल्ला. आणि खाऊन झाल्यावर, सवयीने, त्याचा हात खिशाकडे गेलाच.

"खबरदार!" मठकर ओरडले.

खारदांड्याचा माणूस केव्हाच गेला होता. मठकर सामान परत करायला प्रत्येकाकडे फिरले, कोणी घेईना. गंधालीकडे ठेवू म्हटलं, तर ती म्हणाली, झालेली अदलाबदल रद्द करायला दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात आणि घेतलेली वस्तू परत यावी लागते. "लाडू परत येणार आहेत का, काका?" तिने विचारलं. उद्धटपणाने नाही, रकाना होता म्हणून. चौकोन रिकामा केल्याशिवाय फाटकातून सोडणार नाही, हेही तिने सांगितलं. शेवटी अख्खी चादर उचलून मागच्या सीटवर टाकली, तिच्यावर धाकूंना बसवलं, आणि गाडी निघाली. वाटेत पाच वाजता करमरकरचा व्हिडिओ कॉल आला. फोन धाकूंनी घेतला. पडद्यावर करमरकरला कार्बोरेटर, मडगार्ड आणि त्यामधून धाकूंचं अर्धं तोंड दिसलं.

"दार उघडतंय का?" करमरकरने विचारलं.

धाकूंनी एकदा मठकरांच्या पाठीकडे पाहिलं. "नाय उघडणा," ते म्हणाले. "पण अख्ख्या गावात ह्या श्यामासारको माणूस नाय. ता पण ठरावात लिही."

करमरकरने ते लिहिलं नाही. टॅक्सी मागवली.

मठकर देवळात पोचले तेव्हा बुवा आधीच पाटावर उभे होते. मुलुंडपर्यंत टॅक्सीवाल्याने गाणी लावली होती, असं मागाहून कळलं. बुवांना तालीमच करता आली नाही. वसुधाबाईंनी डबा उघडला. आत तेवीस लाडू.

"अहो, एकशे एक्कावन्न होते."

"वाटले."

"कोणाला?"

"सगळ्यांना," मठकर म्हणाले. वसुधाबाई खाली बसल्या आणि तेवीस लाडवांचे दोनशे घास करायला लागल्या.

पूर्वरंग झाला. मठकर सगळ्यांत मागे, खांबाला टेकून. दरवर्षी त्यांना पुढची ओळ आधीच ठाऊक असे. आज पहिल्यांदाच ते इतरांसारखे ऐकत होते, आणि त्याचंही त्यांना वाईट वाटत होतं. उत्तररंगात समुद्र ओलांडायची वेळ आली, तेवढ्यात शेजारी कोणीतरी येऊन बसलं. खादीचा कुर्ता.

"काका," देवव्रत कुजबुजला, "तुमच्यामुळे माझ्या नावावर लाल शिक्का बसला."

"शू! कीर्तन चाललंय."

"दिल्याशिवाय घेतलं. आठ वर्षं जातोय मी त्या मेळाव्याला. आता बंदी. पंधरा सोसायट्या फिरलो मुलुंडमध्ये. नुसतं मारुतीचं देऊळ म्हटलंत, कुठलं ते सांगितलं नाहीत. हे घ्या आणि मला मोकळं करा." आणि त्याने हँडल मठकरांच्या मांडीवर ठेवलं.

"उचला ते!" मठकरांनी ते त्याच्या मांडीवर टाकलं.

"नाही उचलणार!"

"प्रसादाचं मोल घेत नाही म्हटलं ना!"

बुवांनी पाटावरून डोळे मोठे केले. झांज एक मात्रा जास्त वाजली. दोघं गप्प बसले, पण खाली सतरंजीवर ते हँडल इकडून तिकडे आणि तिकडून इकडे सरकत राहिलं. समुद्र ओलांडून झाला, लंका जळाली, आरती झाली, आणि आरतीचं तबक फिरत फिरत शेवटच्या रांगेत आलं. लोक दहा-वीस टाकत होते. देवव्रतने तबकाला हात लावून नमस्कार केला.

"तुम्हाला नको ना?" तो म्हणाला. "मग त्याला."

खण्णकन आवाज झाला. निरांजन हललं. शंभर माना वळल्या. तबक पुढे गेलं, हातोहात, आणि बुवांच्या समोर ठेवलं गेलं. नोटांच्या वर हँडल.

करमरकर लगबगीने पुढे आला. "सॉरी बुवा, काहीतरी चुकून..."

"थांब," बुवा म्हणाले. त्यांनी हँडल उचललं, डोळ्यांपाशी नेलं, त्याचा बाक अंगठ्याने चाचपला. तो बाक त्यांच्या अंगठ्याच्या ओळखीचा होता. मागच्या वर्षी तसाच त्यांच्या हातात आला होता. "हे कोणी वाहिलं?"

देवव्रत उभा राहिला. मठकरही उभे राहिले, आणि भरल्या देवळात, रागारागाने, आंब्यापासून लाल शिक्क्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. "बुवा, तुम्हीच सांगा. मी हे घ्यायचं का?"

"तू?" बुवा म्हणाले. "तुझा काय संबंध? आरतीच्या तबकात पडलं ते कीर्तनकाराचं. हे माझं आहे."

बुवांनी हँडल मुठीत धरलं.

"मी कुणाला देणार नाही. विकणार नाही. बदली करणार नाही. दरवर्षी येताना घेऊन येईन, दाराला लावीन, उघडून उतरेन, आणि जाताना काढून नेईन. हे ज्या दाराला बसतं त्याच गाडीत मी बसणार. ठरावाची वही कुठे आहे रे?"

करमरकरने वही आणली. ठराव क्रमांक सात बुवांच्या समोर खोडला. अनुमोदक धाकू परब.

त्या रात्री साडेआठला घोडबंदरच्या रस्त्याने बुवा शेजारी होते. आख्यान आधी ऐकायला मिळालं नाही, म्हणून त्यांनी ते परत पहिल्यापासून सांगितलं, एकट्या मठकरांना. मागे वसुधाबाई कार्बोरेटर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दहिसरला बुवांनी हँडल दाराच्या खाचेत बसवलं, वळवलं. दार असं उघडलं की मठकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बुवांनी ते काढलं, पुसलं, चिपळ्यांच्या पिशवीत टाकलं आणि जिना चढून गेले.

दार बंद झालं. आता ते पुढच्या चैत्री पौर्णिमेलाच उघडणार होतं.

वसुधाबाईंना पुढे बसायचं होतं. त्यांनी साडी सावरली, ड्रायव्हरच्या बाजूने वाकल्या, गियरच्या दांड्यावरून एक पाय टाकला, थांबल्या, आणि तशाच अडकलेल्या अवस्थेत म्हणाल्या:

"अहो, बुवांना विचारा, शिष्या घेतात का. मी कीर्तन शिकते. निदान वर्षातून एकदा तरी बाईसारखी सरळ दारातून उतरेन."